डेल्फ्टचा कापड-व्यापारी आणि पाण्याचा थेंब

हॉलंडमधील डेन हाग शहरातून सुटलेली आगगाडी पाव तासाच्या आसपास डेल्फ्टला पोचते. स्थानकातून बाहेर पडून जुन्या शहराच्या दिशेने थोडे चालले की कालवे लागतात. दोन्ही काठांना विटांची अरुंद, उंच घरे, मधून कमानीचे छोटे पूल आणि खाली संथ पाणी. ‘आउदे डेल्फ्ट’ या कालव्याच्या काठी आउदे केर्क म्हणजे जुने चर्च उभे आहे. त्याचा सुमारे ७५ मीटर उंचीचा मनोरा एका बाजूला स्पष्ट कललेला दिसतो. मनोऱ्याला जागा करून देण्यासाठी कालव्याचा प्रवाह वळवावा लागला आणि पायाचा काही भाग बुजवलेल्या पात्रावर आला. ती जमीन दबली आणि मनोरा कलला. डेल्फ्टच्या प्रत्येक गोष्टीत असा पाण्याचा हात आहे.

जगभरातून प्रवासी येथे येतात ते बहुधा दोन गोष्टींसाठी. एक, डेल्फ्टची प्रसिद्ध निळी-पांढरी मातीची भांडी. आणि दुसरी, चित्रकार योहानेस व्हर्मीर यांचे गाव. कालव्याच्या पाण्याकडे मात्र छायाचित्रापुरतेच पाहिले जाते. उन्हाळ्यात या पाण्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर पसरतो. आपल्याकडच्या तळ्यांतही ही तरंगती वनस्पती सर्वत्र आढळते. त्या थराखाली काय चालले आहे, हे मानवजातीला प्रथम या गावातील एका कापड-व्यापाऱ्याने सांगितले. जुन्या चर्चमध्ये भिंतीलगत त्यांचे स्मारक आहे. नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक.

लेव्हेनहूक यांचा जन्म १६३२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात डेल्फ्टमध्ये झाला. व्हर्मीरही त्याच गावचे, त्याच महिन्यातले. वडील टोपल्या विणणारे कारागीर होते. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन होती. ती त्यांना येत नव्हती. डच सोडून दुसरी कोणतीही भाषा त्यांना अवगत नव्हती. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना अॅमस्टरडॅमला एका कापड-व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारीसाठी पाठविण्यात आले. तेथे ते हिशेबनीस आणि रोखपाल या जागांपर्यंत पोचले. १६५४ साली गावी परतून त्यांनी लग्न केले आणि हिप्पोलिटसबुर्ट या कालव्याकाठच्या गल्लीत घर घेऊन कापडाचे दुकान मांडले. ती गल्ली आजही त्याच नावाने आहे.

संसाराने त्यांना फारसे सुख दिले नाही. पाच अपत्यांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये पत्नीही गेली. दुसरे लग्न झाले, त्या पत्नीचेही त्यांच्या आधीच निधन झाले. व्यवसाय मात्र नीट चालला आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास बसला. १६६० पासून नगराच्या न्यायाधीशांच्या दालनाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. १६६९ मध्ये ते परीक्षा देऊन भूमापक झाले. पुढे पिंपांची मापे तपासण्याचे कामही नगराने त्यांना दिले. व्हर्मीर यांचे १६७५ मध्ये निधन झाले, तेव्हा कुटुंब कर्जात बुडालेले होते. त्या कर्जबाजारी मालमत्तेचा व्यवहार पाहण्यासाठी विश्वस्त नेमायची वेळ आली, तेव्हा ३० सप्टेंबर १६७६ रोजी नेमणूक झाली ती लेव्हेनहूक यांची. माप, हिशेब आणि विश्वास या तीन गोष्टींवर उभा असलेला हा माणूस होता. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ याच तीन गोष्टींत आहे.

कापडाच्या व्यापारात भिंग ही रोजची वस्तू होती. ताणा-बाणा किती घट्ट आहे, एका बोटभर जागेत किती धागे बसले आहेत, हे भिंगाखाली धागे मोजून ठरवीत. लेव्हेनहूक यांनी स्वतः भिंगे घडवायला सुरुवात केली आणि ती इतकी लहान व इतकी निर्दोष केली की त्या काळी त्यांना तोड नव्हती. त्यांचे यंत्र दिसायला अगदी साधे. बोटाएवढ्या लांबीच्या पितळी किंवा चांदीच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये मोहरीच्या दाण्याइतके किंवा त्याहूनही लहान भिंग, आणि पाहायची वस्तू धरण्यासाठी मागे स्क्रूवर फिरणारी एक टोकदार सुई. पाणी पाहायचे असेल तर ते केसासारख्या बारीक काचनळीत भरून ती नळी सुईला चिकटवायची, यंत्र डोळ्याला अगदी टेकवायचे आणि उजेडाकडे तोंड करायचे. त्यांच्या यंत्रांपैकी आज शिल्लक असलेल्या सर्वांत शक्तिशाली यंत्रातून वस्तू सुमारे २७०पट मोठी दिसते.

डेल्फ्टपासून दोन तासांच्या अंतरावर बर्केल गावाजवळ एक तलाव होता. पुढे पाणी उपसून त्याची शेतजमीन करण्यात आली. आज तेथे तलावाचा मागमूस नाही. हिवाळ्यात त्याचे पाणी स्वच्छ असे. उन्हाळा लागला की ते पांढुरके होई आणि त्यात हिरवे ढगासारखे पुंजके तरंगू लागत. हे दवामुळे होते, असे आसपासचे शेतकरी सांगत. १६७४ च्या उन्हाळ्यात लेव्हेनहूक त्या तलावातून जात असताना वारा जोराचा होता. त्यांनी थोडे पाणी काचेच्या कुपीत भरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले.

त्यांना हिरव्या रंगाच्या, सापासारख्या वेटोळे घातलेल्या नाजूक पट्ट्या दिसल्या. आज शाळेतील मुले ज्याला स्पायरोगायरा म्हणून ओळखतात ते हे शेवाळ. त्याच पाण्यात त्यांना फिरणारे जीव दिसले. काही गोल, काही लांबट. काहींना डोक्याजवळ पायासारखे आणि मागे परासारखे अवयव. चीजच्या सालीवर त्यांनी जे अतिसूक्ष्म किडे पाहिले होते, त्यांच्यापेक्षा यांतील काही हजारपटीहून लहान असावेत, असा अंदाज त्यांनी केला. ७ सप्टेंबर १६७४ च्या पत्रात त्यांनी हे सारे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. डेल्फ्टचेच वैद्य रेनिअर द ग्राफ यांनी आदल्या वर्षी या विद्वत्सभेशी त्यांचा परिचय करून दिला होता. त्या वेळी इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात युद्ध सुरू होते, तरीही हा पत्रव्यवहार जुळला आणि पुढे जवळजवळ ५० वर्षे चालला.

एकदा पाण्यात जीव दिसल्यावर दुसरा कोणी तेवढ्यावर थांबला असता. व्यापाऱ्याचा स्वभाव मात्र मूळ शोधण्याचा असतो. माल खराब निघाला तर तो कोठे खराब झाला, विणकराकडे, वाटेत की गोदामात, हे त्याला पाहावेच लागते. काही दिवस साठवून ठेवलेल्या पावसाच्या पाण्यात लेव्हेनहूक यांना जीव आढळले, तेव्हा हे जीव पावसाबरोबर वरून आले की खाली आल्यावर शिरले, हा प्रश्न त्यांना पडला. छपरावरून, पन्हळीतून आलेल्या पाण्यावर त्यांचा विश्वास बसेना. पन्हळीतच काही असेल तर? मग त्यांनी चिनी मातीची एक स्वच्छ थाळी घेतली. खालची माती उडून तिच्यात पडू नये म्हणून ती अंगणात सुमारे दीड फूट उंचीवर ठेवली. पहिले पाणी थाळी धुऊन काढण्यासाठी टाकून दिले आणि नंतर पडलेले पाणी साठवले. ताज्या पाण्यात काहीच दिसले नाही. तेच पाणी ते रोज पाहत राहिले. काही दिवसांनंतर त्यात जीव दिसू लागले.

ही सारी टिपणे रोजमेळासारखी आहेत. अमुक तारखेला काही नाही, अमुक तारखेला थोडे, नंतरच्या तारखेला पुष्कळ. अंगणातील विहिरीचे पाणी, शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावरील समुद्राचे पाणी, वितळलेल्या बर्फाचे पाणी. प्रत्येकाचे खाते निराळे. आठवडेच्या आठवडे एकच भांडे पाहत राहावे, आणि काही दिसले नाही त्या दिवशी तसेच लिहून ठेवावे, ही शिस्त त्या काळच्या मोठमोठ्या विद्वानांतही विरळा होती.

याच काळात त्यांनी मिरी घेतली. पूर्वेकडील मसाल्याचा व्यापार करणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टमध्ये होती. मिरी त्या गावाला नवी नव्हती. मिरे जिभेला तिखट का लागते, याचे कुतूहल लेव्हेनहूक यांना होते. त्याच्या कणांना बारीक काटे असावेत आणि ते जिभेला टोचत असावेत, असे त्यांना वाटे. दाणे मऊ व्हावेत म्हणून त्यांनी ते पाण्यात भिजत ठेवले. सुमारे तीन आठवड्यांनंतर, २४ एप्रिल १६७६ रोजी, ते पाणी पाहिले तेव्हा काटे सापडले नाहीत. सापडले ते जीव, आणि त्यांतील काही तर आधी पाहिलेल्या सर्वांपेक्षा कितीतरी सूक्ष्म. आज ज्यांना जीवाणू म्हणतात त्यांचे मानवी डोळ्याला झालेले हे पहिले दर्शन मानले जाते. ९ ऑक्टोबर १६७६ च्या दीर्घ पत्रात त्यांनी सारे तारीखवार कळविले. व्हर्मीर यांच्या कर्जाची कागदपत्रे हाती येऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते.

लंडनमध्ये हे पत्र वाचले गेले, पुढील वर्षी त्याचा काही भाग छापूनही आला; पण विश्वास बसणे अवघड होते. एका थेंबात हजारो प्राणी! सांगणारा माणूस पदवीधर नाही, लॅटिन जाणत नाही, कापड विकतो आणि आपले उत्तम भिंग कोणाला दाखवत नाही. विद्वानांना शंका आली यात नवल नाही. डेल्फ्टच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न अब्रूचा होता. ज्याच्या शब्दावर नगर मापे ठरविते आणि दुसऱ्याच्या कर्जाचा निवाडा सोपविते, त्याचा शब्द लंडनला खोटा ठरला तर गावात काय राहिले?

लेव्हेनहूक रागावले नाहीत. व्यवहारात जे करतात तेच त्यांनी केले. संख्या कशी काढली हे त्यांनी पत्राने समजावून दिले. काचनळीचे समान भाग पाडून एका भागातील जीव मोजायचे आणि त्यावरून थेंबाचा हिशेब मांडायचा. धावता मेंढ्यांचा कळप पाहून रुंदीत इतक्या, लांबीत इतक्या, म्हणून एकूण इतक्या, असा माणूस अंदाज करतो, तसाच हा अंदाज, असा दाखलाही दिला. मग त्यांनी साक्षीदार बोलावले. धर्मोपदेशक, नोटरी अशा आठ प्रतिष्ठित माणसांना भिंगातून पाणी दाखवले आणि प्रत्येकाकडून त्याने स्वतः काय पाहिले ते सहीनिशी लिहून घेतले. हे आठ दाखले ऑक्टोबर १६७७ मध्ये लंडनला गेले. साक्षीदारांचे आकडे एकसारखे नव्हते. कोणाचा १०,०००, कोणाचा त्याच्या कितीतरी पट. लेव्हेनहूक यांनी ते जुळवून घेतले नाहीत, जसे लिहिले गेले तसेच पाठवले.

रॉयल सोसायटीत रॉबर्ट हुक यांनी मिरीचे पाणी तयार करून पाहणी केली. सुरुवातीला काही दिसले नाही. अखेर १५ नोव्हेंबर १६७७ च्या सभेत उपस्थित सदस्यांनी थेंबातले जीव स्वतः पाहिले. शंका मिटली. १६८० मध्ये डेल्फ्टचे कापड-व्यापारी रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. आयुष्यभरात त्यांनी या सभेला जवळजवळ दोनशे पत्रे लिहिली, सगळी साध्या डच भाषेत.

वय वाढले तरी पाण्याचे निरीक्षण थांबले नाही. १७०१ च्या ऑगस्टमध्ये घराच्या शिशाच्या पन्हळीत साचलेले पाणी तांबूस दिसले, तेव्हा त्यांचे वय ६८ होते. त्यांनी ते पाहिले. त्यात तांबडे सूक्ष्म जीव होते आणि चाके फिरवीत असल्यासारखे दिसणारे रोटिफरही होते. पुढच्या दिवसांत पाणी आटले आणि तळाशी कोरडी धूळ उरली. ती धूळ त्यांनी काचनळीत घेतली आणि उकळून थंड केलेले पावसाचे पाणी तिच्यावर ओतले. तासाभराच्या आत त्या मृतवत धुळीतून रोटिफर अंग पसरून पोहू लागले. कोरडी धूळ काही महिने ठेवूनही त्यांनी हाच प्रयोग केला आणि तेव्हाही जीव जागे झाले. कोरड्या दिसणाऱ्या जागेत जीवन नसेलच असे नाही, हे त्या पन्हळीने शिकविले. २०२१ मध्ये रशियन संशोधकांनी सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतील सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचे रोटिफर पुन्हा हालचाल करताना पाहिल्याचे प्रसिद्ध केले. त्या शोधाची पहिली नोंद डेल्फ्टच्या छपरावरची आहे.

१७०२ च्या डिसेंबरमधील पत्र कालव्याच्या पाण्याविषयी आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या हिरव्या टिकल्या मुळांसकट आणवून लेव्हेनहूक यांनी पाण्याने भरलेल्या काचनळीत ठेवल्या आणि मुळांवर काय राहते ते पाहिले. आजच्या घरगुती मत्स्यपात्राचे हे अगदी लहान रूप म्हणता येईल; फक्त त्यात मासे नव्हते. मुळांना देठाने चिकटलेले घंटेसारखे जीव होते. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडे आणि घंटा मागे ओढली जाई. स्वतःभोवती नळीसारखे घर बांधून राहणारे रोटिफर होते. त्यांची फिरती चाके पाहून लेव्हेनहूक यांना घड्याळाच्या दातेरी चाकांची आठवण झाली. आणि एक निराळाच प्राणी होता: लांब अंगाचा, तोंडाभोवती शिंगांसारखे धागे असलेला. त्याच्या अंगातून लहानसे पिल्लू फुटत होते. लेव्हेनहूक काही तासांच्या अंतराने पुनःपुन्हा पाहत राहिले. पिल्लू वाढले, त्याला शिंगे आली आणि अखेर ते आईपासून वेगळे झाले. हायड्रा या प्राण्याचे हे पहिले वर्णन. तेव्हा वर्णनकर्त्याने सत्तरी गाठली होती.

हे सारे वाचताना जैन घरातील वाचकाला पाणी गाळण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पिढ्यान्पिढ्या दुहेरी कापडातून पाणी गाळले गेले. गाळणे उलटून गाळलेल्या पाण्याने खंगाळायचे आणि त्यातली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलकेच सोडायची, असा दंडक घरोघरी पाळला गेला. पाण्यात जीव आहेत ही श्रद्धा भिंगावर अवलंबून नव्हती, आणि लेव्हेनहूक यांनाही ही गोष्ट कोणा ग्रंथातून कळलेली नव्हती. दोन्ही वाटा निरनिराळ्या आहेत आणि एकीने दुसरीला सिद्ध केले असे म्हणणे दोघींवरही अन्याय होईल. जीवाणूंपेक्षा कापडाच्या दोन धाग्यांमधील फट कितीतरी पट मोठी असते, हेही विसरता येत नाही. ते कापडाने अडत नाहीत. तरीही कापड काय अडवते, याचा एक मोठा दाखला महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत मिळाला. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यातून होणारा नारू हा रोग सायक्लोप्स नावाच्या जेमतेम मिलिमीटरभर जलजीवाबरोबर पोटात जाई. तो जीव बारीक विणीच्या कापडात अडकतो. नारू-निर्मूलनाच्या मोहिमेत पाणी गाळून पिण्यावर भर दिला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाण्याशी यतनेने वागणे, म्हणजे त्यात कोणी आहे हे गृहीत धरून वागणे, ही सवय पाहणाऱ्याला आणि पिणाऱ्याला दोघांनाही उपयोगी पडली.

लेव्हेनहूक यांच्या खात्यात एक बाजू मात्र अपुरी राहिली. काय पाहिले ते त्यांनी सारे सांगितले. कसे पाहिले ते सांगितले नाही. भेटीला आलेल्यांना ते साधी यंत्रे दाखवीत, उत्तम यंत्रे आणि निरीक्षणाची खास पद्धत स्वतःपाशी ठेवीत. तरुणांना शिकवून ही विद्या पुढे न्यावी, असे जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ यांनी सुचविले, तेव्हा त्यांनी ते मानले नाही. शिकणारे बहुतेक जण पैशासाठी किंवा नावासाठी येतात, आणि या कामाला लागणारा वेळ व चिकाटी हजारात एखाद्याकडेच असते, असे त्यांचे मत होते. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, ते वारले. मारियाने वडिलांच्या इच्छेप्रमाणे चांदीची २६ यंत्रे असलेली पेटी लंडनला पाठवली. एकोणिसाव्या शतकात ती यंत्रे तेथून हरवली. घरातील शेकडो भिंगांचा मारियाच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये लिलाव झाला आणि ती विखुरली. आज त्यांतील मोजकीच उरली आहेत. काही लायडेनच्या बुर्हावे संग्रहालयात पाहता येतात.

वारस न नेमलेल्या पेढीचे जे होते तेच या विद्येचे झाले. लेव्हेनहूक यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जीवाणूंच्या अभ्यासात म्हणावी तशी भर पडली नाही. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियस यांनी अशा अनेक सूक्ष्म जीवांना ‘केऑस’ म्हणजे गोंधळ या नावाच्या एका गटात टाकून दिले. याच्या उलट उदाहरण डेल्फ्टपासून अगदी जवळ, डेन हागच्या वेशीवर घडले. तेथील एका सरदाराच्या मुलांचे शिक्षक आब्राहाम ट्रेंब्ले यांनी १७४० मध्ये डबक्यातले पाणी काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत ठेवले आणि त्यात त्यांना हायड्रा आढळला. त्याचे तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याचा पूर्ण प्राणी होतो, हे त्यांनी दाखवले. ती रीत जैन मनाला रुचणारी नाही. मात्र ट्रेंब्ले यांनी आपले प्राणी आणि ते सांभाळण्याच्या सूचना इतर देशांतील अभ्यासकांना मोकळेपणाने पाठवल्या. त्यामुळे त्यांचे काम थोड्याच वर्षांत युरोपभर तपासले गेले आणि मान्य झाले. साक्षीदारांच्या सह्या गोळा करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

लेव्हेनहूक यांच्या भिंगाचे गुपित सुमारे तीनशे वर्षांनी उलगडले, तेही त्यांच्याच गावात. पितळी पट्ट्यांमध्ये बसवलेले भिंग बाहेर काढले तर यंत्र मोडण्याची भीती होती, म्हणून कोणी हात लावला नव्हता. डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाच्या अणुभट्टीत न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने, यंत्र न उघडता, उत्रेख्त येथील सर्वांत शक्तिशाली भिंगाचा आकार पाहण्यात आला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ते भिंग म्हणजे काचेचा धागा ज्योतीत वितळवून केलेला एक गोल मणी होता. ही कृती रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्येच आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत उघडपणे छापली होती. असे मणी करणे सोपे, पण वापरणे डोळ्यांना फार त्रासाचे, म्हणून स्वतः हुक यांनी ते बाजूला ठेवले होते.

म्हणजे जे जपले ते गुपित लंडनला आधीच ठाऊक होते. लंडनकडे नव्हते ते दुसरेच काही. दिवसभराचा व्यवहार आटोपून रोज तेच भांडे उजेडाकडे धरण्याची, तारीख घालण्याची आणि आकडा न फुगवता लिहिण्याची सवय. ती कोणाला चोरता येत नाही, आणि वारसालाही ती नुसती पेटीत घालून देता येत नाही. शेजारी बसवून शिकवावी लागते. मारिया आयुष्यभर वडिलांजवळ राहिली. शेजारी बसवण्यासाठी तेवढा वेळ त्या घरात होता.

आज असे भांडे कोणत्याही घरात ठेवता येते. तळ्याचे पाणी, तळाचा थोडा गाळ आणि एखादी तरंगती वनस्पती काचेच्या बरणीत घ्यावी. तोंड हवाबंद करू नये. थेट उन्हात न ठेवता खिडकीजवळच्या उजेडात ठेवावी. आटलेल्या पाण्याची भर पावसाच्या साठवलेल्या पाण्याने घालावी, नळाच्या औषध घातलेल्या पाण्याने नव्हे. पाणी पहिल्या दिवसांत गढूळ होते, नंतर निवळते, काचेवर हिरवी छटा येते. दहापट दाखवणारे साधे हातभिंग घेतले तर उड्या मारत पोहणारे सायक्लोप्स दिसतात आणि नशीब असेल तर काचेला चिकटलेला हायड्राही दिसतो. शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर घंटेसारखे जीव आणि फिरत्या चाकांचे रोटिफरही भेटतात. घरातील मुलांच्या हाती एक वही द्यावी. जे दिसेल ते तारखेसह त्यांनी लिहावे, काही न दिसले तर तेही लिहावे. महिना-दोन महिन्यांनी पाहणे पूर्ण झाले की बरणी उचलून, पाणी ज्या तळ्याचे त्याच तळ्यात, काठाशी वाकून हलकेच सोडावे.